स्पॉटदादाचं नाव काय?

धडगावहून तळोद्याकडे उतरताना चांदसैली घाटात मोबाइलची रेंज जाते. हे ठाऊक असल्यामुळे मी रील्स आधीच सेव्ह करून ठेवतो. त्या दिवशीही बसमध्ये तेच बघत होतो. एका मराठी मालिकेच्या सेटवरचं रील होतं. दोन शॉट्सच्या मधल्या वेळेत नायिका, सासू आणि खलनायिका अशा तिघी एका गाण्यावर नाचत होत्या. मालिकेत एकमेकींचा जीव घ्यायला निघालेल्या बायका इथे गळ्यात गळे घालून हसत होत्या. खाली लिहिलं होतं, ‘पडद्यामागची धमाल, आमचं दुसरं कुटुंब’. आणि या तिघींच्या मागे, अर्धा फ्रेममध्ये, अर्धा बाहेर, एक माणूस नायिकेच्या डोक्यावर छत्री धरून उभा होता. ती जिकडे नाचत जाईल तिकडे तोही दोन पावलं सरकत होता.

शेजारी बसलेले काका बराच वेळ माझ्या फोनमध्ये डोकावत होते. त्यांनी विचारलं, “हा छत्रीवाला कोण?”

“स्पॉटदादा, काका.”

“दादा ते झालं. नाव काय त्याचं?”

मला माहीत नव्हतं. रीलमध्ये तिघींना टॅग केलेलं होतं, वाहिनीला टॅग केलेलं होतं, साडीच्या दुकानालाही केलेलं होतं. छत्रीवाल्याला नव्हतं. काका गुजरातेत बारडोलीकडे ऊसतोडीला जाणारे. आमच्या जिल्ह्यातून दरवर्षी दिवाळीनंतर ट्रक भरून माणसं तिकडे जातात, त्यांतले एक. ते सहज म्हणाले, “आमचा मुकादमही आम्हाला भाऊच म्हणतो. हिशोबाच्या दिवशी मात्र वही काढतो.”

पुढे रेंज आली, काका उतरले, पण ते वाक्य डोक्यातून उतरलं नाही. हा लेख त्या वाक्याबद्दल आहे.

*

मालिकांवर आपल्याकडे टीका भरपूर होते. कथानक ताणलं, नायिका रडकी, सासू खाष्ट, गाव खोटं, भाषा खोटी. ही टीका बहुतेक खरी असते आणि मालिका बघणाऱ्यांना ती आधीपासून माहीतही असते. पण गेल्या काही वर्षांत मालिकेच्या शेजारी दुसरी एक मालिका रोज प्रसारित होते आणि तिच्याबद्दल कोणी लिहीत नाही. ती म्हणजे सेटवरची रील्स, ‘ऑफस्क्रीन बॉन्डिंग’चे व्हिडिओ, डब्यातल्या भाजीच्या पोस्ट्स, मालिका संपताना लिहिलेले भावुक निरोप. तुमच्यामाझ्या वयाचे कितीतरी जण मूळ मालिका बघतच नाहीत, हेच बघतात. मग यालाही एक साहित्यप्रकार मानून वाचायला काय हरकत आहे?

या प्रकाराचे नियम ठरलेले आहेत. पडद्यावरचं वैर पडद्यामागे मैत्री असलंच पाहिजे. जेवणाची सुट्टी दिसते, जेवायला उशीर झाला हे दिसत नाही. पहाटेचा कॉल टाइम दिसला तर तो डोळे चोळण्याच्या गमतीतूनच दिसतो. आणि निरोपाच्या पोस्टमध्ये एक वाक्य हमखास येतं, स्पॉटदादांपासून दिग्दर्शकांपर्यंत सगळ्यांनी खूप सांभाळून घेतलं. स्पॉटदादा, लाइटदादा, मेकअपदादा, हेअरताई. दिग्दर्शकाचं नाव असतं, लेखकाचं कधीकधी असतं. दादांचं नाव नसतं. त्यांचं काम हेच त्यांचं नाव, आणि त्याला नात्याचं शेपूट.

इथे घाईने निकाल द्यायला नको. मराठीत अनोळखी माणसाला दादा, मावशी, काका म्हणणं हा खराखुरा आदर आहे. रिक्षावाल्याला दादा म्हणताना आपण ढोंग करत नसतो. ‘ए बॉय’ अशी हाक मारणाऱ्या सेटपेक्षा ‘दादा, पाणी देता का’ म्हणणारा सेट कधीही बरा. प्रश्न असा आहे की हा शब्द कुठे थांबतो. नात्याचा शब्द माणसाजवळ नेतो तेव्हा तो आदर. पण तोच शब्द नाव, तास आणि पैसे विचारायची गरजच संपवून टाकतो तेव्हा काय होतं? घरात कोणी ओव्हरटाइम मागतं का? घरात कोणी तक्रार अर्ज देतं का?

आणि मराठी मालिकांचा मुख्य विषय तर घर हाच आहे. ‘चार दिवस सासूचे’ २००१ पासून २०१३ पर्यंत चालली, ३,००० हून जास्त भाग झाले. इतकी वर्षं आणि तिच्यानंतरही आपण रोज संध्याकाळी शिकत आलो की चांगलं माणूस म्हणजे सहन करणारं माणूस. घर टिकवायचं असेल तर गप्प बसावं लागतं, आणि जो हिशोब मागतो तो घर फोडायला निघालेला असतो. ही शिकवण फक्त कथेत राहिली असती तर ठीक होतं. पण ज्या सेटवर ही कथा रोज बारा-बारा तास उभी केली जाते, तो सेटही स्वतःला घरच म्हणवून घेतो. पडद्यावरचा नियम पडद्यामागे पाझरतो. हा माझा या सगळ्याबद्दलचा मुख्य आक्षेप आहे. तो नुसता हवेत नाही, हे तीन प्रसंगांवरून दाखवता येईल.

*

पहिला प्रसंग जानेवारी २०२२ चा. स्टार प्रवाहवरची ‘मुलगी झाली हो’ ही मालिका साताऱ्याकडे चित्रित होत होती. तिच्यात वडिलांची भूमिका करणारे किरण माने यांना मालिकेतून काढण्यात आलं. माने यांचं म्हणणं होतं की समाजमाध्यमांवरच्या राजकीय लिखाणामुळे आपल्याला काढलं आणि बाजू मांडायची संधीही दिली नाही. निर्मिती संस्था आणि वाहिनीकडून सांगितलं गेलं की कारण राजकीय नसून सेटवरच्या महिला सहकाऱ्यांशी त्यांचं वागणं हे आहे. माने यांनी ते आरोप नाकारले. मग सहकलाकारांचेच दोन भाग पडले. काहींनी त्यांच्याविरुद्ध कॅमेऱ्यासमोर सांगितलं, काहींनी त्यांची बाजू घेतली. काही दिवस सगळी न्यूज चॅनेल्स आणि फेसबुक याच विषयावर होती.

यात खरं कोणाचं, हे मी ठरवणार नाही, मला ते ठरवता येणारही नाही. मला वेगळीच गोष्ट खटकली. दोन्ही बाजू जे सांगत होत्या ते अतिशय गंभीर होतं. विचार मांडल्याबद्दल काम जाणं गंभीर आहे. कामाच्या जागी बायकांना अवमान सोसावा लागणं गंभीर आहे. आणि या दोन्ही गोष्टींचा निवाडा कुठे होत होता? टीव्हीच्या चर्चेत आणि कॉमेंट्समध्ये. आज सेटवर एकमेकांना ताई-दादा म्हणणारी माणसं उद्या एकमेकांविरुद्ध बाइट देत होती, कारण मधली कुठलीही जागा लोकांना दिसत नव्हती. कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धचा कायदा २०१३ चा आहे. १० किंवा अधिक माणसं काम करतात तिथे अंतर्गत समिती असावीच लागते. त्या सगळ्या गदारोळात प्रेक्षक म्हणून आपण कोण बरोबर हे विचारलं. लेखी तक्रार कधी आली, ती कोणी ऐकली, काढण्याची नोटीस कशी दिली, हे फार थोड्यांनी विचारलं. माने यांच्या बाजूच्यांना या प्रश्नांनी जितकी मदत झाली असती तितकीच त्यांच्या विरुद्ध बोलणाऱ्या बायकांनाही झाली असती.

आणि त्या मालिकेची नायिका कोण होती, आठवतं? माऊ. नको असलेली मुलगी, जिला बोलता येत नाही. रोज रात्री लाखो घरांत एका न बोलणाऱ्या मुलीची घुसमट बघितली जात होती, तिच्यासाठी डोळे पुसले जात होते. त्याच सेटवर आवाज कोणाचा आणि कोणापुढे, हा प्रश्न उभा राहिला तेव्हा मालिकेकडे किंवा आपल्याकडे त्यासाठी भाषा नव्हती. आपल्याला मुकेपणावर रडायला शिकवलं गेलं होतं. बोलण्याची पद्धत कशी उभी करायची हे कोणी शिकवलं नव्हतं.

*

दुसरा प्रसंग त्याच्या वर्षभर आधीचा, फेब्रुवारी २०२१. कलर्स मराठीवरची ‘हे मन बावरे’ संपून गेली होती आणि तिच्यातल्या कलाकारांनी एकामागोमाग एक पोस्ट्स लिहिल्या की कामाचे पैसे अजून मिळालेले नाहीत. निर्माते-दिग्दर्शक मंदार देवस्थळी यांनी जाहीरपणे माफी मागितली, आपण मोठ्या आर्थिक नुकसानीत असल्याचं सांगितलं आणि पैसे देण्याचं आश्वासन दिलं. देवस्थळी म्हणजे कोणी उपरा माणूस नव्हे. ‘वादळवाट’, ‘होणार सून मी ह्या घरची’ अशा लोकप्रिय मालिका त्यांच्या नावावर आहेत. म्हणजे गोष्ट खलनायकाची नाही. अनेकांनी पोस्टमध्ये आधी त्यांच्याबद्दलचा आदर लिहिला, मग पैशांचं. हिशोब मागण्याआधी नातं सिद्ध करावं लागतं, हे मला त्या पोस्ट्स वाचताना जाणवलं.

टीव्हीच्या धंद्यात आज केलेल्या कामाचे पैसे साधारण ९० दिवसांनी मिळण्याची पद्धत रुळलेली आहे. म्हणजे मालिकेत काम करणारा प्रत्येक जण निर्मात्याला तीन महिन्यांचं बिनव्याजी कर्ज देत असतो. मालिका मध्येच बंद झाली, निर्माता बुडाला, तर ते कर्जही बुडतं. आमच्याकडची ऊसतोड याच्या बरोबर उलटी चालते. तिथे मुकादम आधी उचल देतो आणि नवरा-बायकोची जोडी, जिला ‘कोयता’ म्हणतात, ती हंगामभर ती उचल फेडत राहते. एकीकडे पैसे आधी मिळतात म्हणून सुटता येत नाही. दुसरीकडे पैसे नंतर मिळणार म्हणून सुटता येत नाही. दोन्हीकडे मधल्या माणसाचा आवाज सारखाच गोड असतो, कारण नात्याचा धागा तुटला तर पैशाचाही तुटतो, हे दोघांनाही ठाऊक असतं.

कलाकारांनी त्या वेळी धाडस केलं, यात शंका नाही. पुढचं काम जायची भीती त्यांनाही होतीच. पण ती पोस्ट बातमी झाली, कारण त्यांना फॉलो करणारी माणसं होती. ज्या लाइटमनला कोणी फॉलो करत नाही, त्याने पोस्ट टाकली तर ती कोण वाचणार? त्याच्या हातात एकच गोष्ट असते, सगळ्यांनी मिळून थांबणं. ते घडलेलंही आहे. नोव्हेंबर २००८ मध्ये मुंबईत कामगार आणि निर्माते यांच्या वादात हिंदी मालिकांचं चित्रीकरण ठप्प झालं आणि वाहिन्यांना कित्येक दिवस जुनेच भाग दाखवावे लागले. घराघरांत लोकांनी विचारलं, आज नवीन भाग का नाही? त्या आठवड्यात पहिल्यांदा लाइटमन टीव्हीवर दिसला असं म्हणता येईल, न दिसता.

*

तिसरा प्रसंग सांगताना मला सगळ्यात जास्त त्रास होतो, कारण त्यात कोणी वाईट नाही.

२०२० च्या उन्हाळ्यात टाळेबंदीनंतर चित्रीकरण पुन्हा सुरू झालं, तेव्हा राज्य सरकारने ६५ वर्षांवरच्या कलाकारांना सेटवर यायला मनाई केली होती. एका ज्येष्ठ कलाकाराने याविरुद्ध मुंबई उच्च न्यायालयात दाद मागितली. बाकी धंद्यांतली म्हातारी माणसं कामावर जाऊ शकतात, मग आम्हीच पोट कसं भरायचं, असा तो प्रश्न होता. ७ ऑगस्ट २०२० ला न्यायालयाने ती अट रद्द केली. मला तो निकाल तेव्हाही बरोबर वाटला होता आणि आजही वाटतो. घरी बसून राहा म्हणणं सोपं असतं, घरी पैसे कोण देणार हे सांगणं अवघड असतं.

त्यानंतर दीड महिन्याने, २२ सप्टेंबर २०२० ला, आशालता वाबगावकर साताऱ्यात गेल्या. ‘मत्स्यगंधा’पासून ‘अंकुश’पर्यंत रंगभूमी आणि सिनेमा गाजवलेली ही अभिनेत्री सोनी मराठीच्या ‘आई माझी काळुबाई’ या मालिकेत काम करत होती. सेटवर अनेकांना कोरोना झाला, त्यात त्यांनाही झाला. निर्मात्या अलका कुबल आणि त्यांचं नातं मायलेकीसारखं होतं असं सगळेच सांगत, आणि शेवटच्या दिवसांत अलकाताई त्यांच्याजवळ होत्या. म्हणजे इथे ‘कुटुंब’ हा शब्द खोटा नव्हता. माया खरी होती. पण माया विषाणूला अडवत नाही. त्याला अडवायला कमी माणसं, जास्त अंतर, तपासण्या आणि मुख्य म्हणजे ‘आज शूटिंग नको’ म्हणता येण्याची मोकळीक लागते. रोजच्या मालिकेत तीच नसते. उद्याचा भाग उद्या लागणार असतो. एपिसोडची बँक आटली की सगळं घर घड्याळाच्या ताब्यात जातं.

पुढच्या वर्षी, एप्रिल २०२१ मध्ये, महाराष्ट्रात चित्रीकरण बंद झालं तेव्हा कितीतरी मराठी मालिकांनी सेट उचलून गोव्यात नेले. मे महिन्यात गोव्यात साथ भडकली, तिथल्या लोकांनी विरोध केला आणि तिथेही परवानगी बंद झाली. त्या काळातली रील्स काढून बघा. हॉटेलचं अंगण, नारळाची झाडं, ‘गोव्यात आमचं कुटुंब’. नायिकेच्या मागची भिंत बदलली होती, कथा तशीच पुढे चालली होती. आपणही ती बघितली. मीही बघितली. घरात कोंडलेल्या आम्हाला रोज नवीन भाग हवा होता. भाग कोणाच्या जिवावर येतोय, हे आम्ही विचारलं नाही. सेटवरच्या घड्याळाला चावी देणारा हात आपलाही असतो.

*

मग सगळं नातं खोटंच का? नाही. चांगलं काय असतं तेही बघू.

‘महाराष्ट्राची हास्यजत्रा’ मला आवडते ती केवळ विनोदासाठी नाही. सचिन गोस्वामी आणि सचिन मोटे यांनी उभी केलेली ती मंडळी वर्षानुवर्षं एकत्र काम करत आली आणि ते काम दिसतं. समीर चौघुले एखादी जागा घेतात तेव्हा समोरचा नट आपलं वाक्य मागे ठेवतो, थांबतो, हशा पिकू देतो, मग पुढे जातो. ही देवाणघेवाण रीलमधल्या मिठीपेक्षा मोठी आहे. समीर चौघुले, प्रसाद खांडेकर यांच्यासारखे नट स्वतः लिहितातही, आणि लिहिणाऱ्याचं नाव प्रेक्षकाला माहीत असतं. गौरव मोरेने ‘फिल्टरपाड्याचा बच्चन’ अशी आपली ओळख स्वतःच्या वस्तीच्या नावासकट मिरवली. ‘चला हवा येऊ द्या’ जवळपास १० वर्षं चालली, तिचाही पाया निलेश साबळे, भाऊ कदम, श्रेया बुगडे, कुशल बद्रिके यांचा एकमेकांवरचा भरवसाच होता. चांगल्या कामात नातं मुद्दाम दाखवावं लागत नाही, ते कामातूनच दिसतं.

दुसरं उदाहरण आमच्या खान्देशाच्या उंबरठ्यावरचं. फैझा अहमद खान यांचा ‘सुपरमेन ऑफ मालेगाव’ हा माहितीपट तुम्ही बघितला नसेल तर जरूर बघा. यंत्रमागांच्या त्या गावात शेख नासिर आणि त्यांचे मित्र सुपरमॅनचा मालेगावी अवतार बनवत आहेत, आणि कॅमेरा ते बनवणं बघतो आहे. सुपरमॅन होतो शफीक, जो मागावर काम करणारा सडपातळ तरुण आहे. इथे कुटुंब, मित्र, युनिट हे सगळं एकच आहे, आणि माहितीपट त्याचं कौतुक करताना त्याची किंमत लपवत नाही. लेखकाला आपलं लेखन आणखी पुढे जावं असं वाटतं, त्याची खंत त्याच्या तोंडावर दिसते. शफीक पुढे कर्करोगाने गेला. माहितीपट बघून झाल्यावर मला सगळ्यांची नावं पाठ होती. नासिर, शफीक, अकरम, फरोघ. कोणी ‘दादा’ राहिला नव्हता. चांगल्या कॅमेऱ्याने केलेलं हे पहिलं काम, माणसाला नाव देणं.

केरळात हे काम कागदावर झालं. २०१७ मध्ये एका अभिनेत्रीवरच्या हल्ल्यानंतर तिथल्या सिनेमातल्या बायका संघटित झाल्या, सरकारने न्यायमूर्ती हेमा यांची समिती नेमली. डिसेंबर २०१९ मध्ये अहवाल तयार झाला आणि लोकांसमोर यायला ऑगस्ट २०२४ उजाडलं. त्यात छळाच्या गोष्टी होत्या तशाच अगदी साध्या गोष्टीही होत्या, सेटवर बायकांना स्वच्छतागृह नसतं, कपडे बदलायला जागा नसते. तो अहवाल सिनेमाबद्दल होता. मराठी टीव्हीवरही कितीतरी माणसं रोज कामाला जातात. इतक्या वर्षांत आपल्याकडे मालिकांच्या सेटबद्दल असा अहवाल नाही, पण रील्स मात्र हजारो आहेत.

*

आता माझं स्वतःचं सांगतो, कारण इतरांना विचारून झालं.

आमच्याकडे सध्या अहिराणी गाण्यांची लाट आहे. लग्नात, जत्रेत, बसमध्ये तीच वाजतात, आणि गावोगावी पोरं कॅमेरा घेऊन उभी आहेत. मीही अशा एका गाण्यावर काम केलं. प्रकाशाला तापीच्या काठावर शूटिंग होतं. दिग्दर्शक मित्र, कॅमेरामन मित्राचा मावसभाऊ, नायिका शेजारच्या तालुक्यातली, नाचणारी पोरं कॉलेजातली. सात-आठ जणांचं युनिट. करार नव्हता, कारण ‘घरचंच काम’ होतं. मला पैसे मिळाले नाहीत, दोन वेळचं जेवण मिळालं, आणि मी खूश होतो.

ऊन एप्रिलचं होतं. नायिकेच्या तोंडावर प्रकाश टाकायला थर्माकोलचा पांढरा तक्ता धरायला एक मुलगा होता. अठरा-एकोणीसचा असेल, पाड्यावरून आलेला, कोणाच्या तरी ओळखीचा. सकाळपासून दुपारपर्यंत तो तापीच्या वाळूत तक्ता धरून उभा. आम्ही सगळे त्याला दादा म्हणत होतो. “दादा, जरा वर. दादा, जरा डावीकडे.” दुपारी तीनच्या सुमारास तो खाली बसला आणि त्याला उलटी झाली. कोणीतरी पाणी दिलं, कोणीतरी मंदिराच्या सावलीत नेलं. मग तक्ता दुसऱ्याने धरला, कारण ऊन उतरायच्या आत गाणं संपवायचं होतं.

पंधरा दिवसांनी गाणं यूट्यूबवर आलं. खालच्या डिस्क्रिप्शनमध्ये नावं लिहायचं काम माझ्याकडे होतं. गायक, संगीत, नायक, नायिका, कॅमेरा, संकलन, मेकअप, ‘विशेष आभार’ म्हणून गाडी देणारा, जेवण देणारा. तक्ता धरणाऱ्याचं नाव मला माहीत नव्हतं. विचारायला एक फोन लागला असता. मी लिहिलं, ‘आणि संपूर्ण टीम’. त्या दिवशी मला त्यात काही चुकलं असं वाटलंसुद्धा नाही.

बसमध्ये काकांनी विचारलं तेव्हा मला आठवला तो हा मुलगा. म्हणूनच मला उत्तर देता आलं नाही.

आठ जणांच्या युनिटला अंतर्गत समिती लागत नाही, पण कायदा तिथे संपत नाही. अशा छोट्या जागांसाठी प्रत्येक जिल्ह्यात स्थानिक समिती असते, नंदुरबारमध्येही. ही गोष्ट मला हा लेख लिहायला बसल्यावर कळली. आमच्या नायिकेला तरी कुठे माहीत होती? पैसे नसतील तर नसतील, पण किती वाजता सुरू, किती वाजता बंद, उन्हात किती वेळ, घरी सोडायला कोण, एवढं एका कागदावर किंवा व्हॉट्सॲपच्या एका मेसेजमध्ये लिहायला पैसे लागत नाहीत. नातं त्याने कमी होत नाही. आमच्या घरांतही लग्नाचा हिशोब वहीत लिहिला जातो आणि त्यामुळे भाऊबंदकी वाढत नाही, उलट टळते. मुकादमाची वही वाईट नाही. ती फक्त मुकादमाच्याच हातात असते, हे वाईट आहे.

पुढच्या वेळी कोणी ‘आमचं दुसरं कुटुंब’ असं रील टाकलं तर मी ते बघणारच आहे. त्यातलं हसू खोटं आहे असं मी म्हणणार नाही. पण छत्री कोणी धरली आहे तिकडे आता माझं लक्ष जाईल. आणि ज्या मालिकेची, गाण्याची, वेब सीरिजची समीक्षा मी लिहीन, तिच्या श्रेयनामावलीत शेवटचं नाव कोणतं आहे तेही बघेन. तेही कलाकृतीचंच अंग आहे, फक्त आपण ते ‘स्किप’ करतो.

गेल्या रविवारी मी चार फोन केले. चौथ्या फोनवर त्या मुलाचा चुलतभाऊ भेटला. मुलगा सध्या सुरतेला आहे, कापडाच्या कामावर. त्याला गाण्याची लिंक पाठवली. त्याने ती आधीच बघितली होती, अनेकदा. एका ठिकाणी, दुसऱ्या कडव्यात, फ्रेमच्या कडेला त्याची बोटं दिसतात असं त्याने मला सांगितलं. मी इतक्या वेळा गाणं बघितलं, मला ती कधी दिसली नव्हती.

त्याचं नाव मी इथे लिहीत नाही, त्याला विचारलेलं नाही. तिथे मात्र लिहिलं आहे, त्याला विचारून, आडनावासकट. ‘आणि संपूर्ण टीम’ ही ओळ काढून टाकली.